पिवळा वॉचमन गोबी आणि त्याची कोळंबी: मराठवाड्यातील घरात खाऱ्या पाण्याची टाकी

प्रवाळ खडकांच्या पायथ्याशी पसरलेल्या वाळूत एक कोळंबी बीळ खणते आणि त्याच बिळात एक गोबी मासा तिच्यासोबत राहतो. कोळंबीची नजर अतिशय अधू असते, पण तिचे पंजे बळकट असतात. वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि खडे बिळाबाहेर लोटण्याचे तिचे काम दिवसभर चालू असते. गोबीचे डोळे तीक्ष्ण असल्यामुळे पहाऱ्याचे काम त्याच्याकडे असते. बाहेर येताना कोळंबी आपली एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. काही संशयास्पद दिसले की गोबी शेपटी झटकतो, ती हालचाल मिशीला जाणवताच कोळंबी मागच्या मागे बिळात सरकते, आणि धोका अगदी अंगाशी आला तर गोबीही डोके आधी घालून तिच्या पाठोपाठ आत शिरतो. हे सारे हातभर अंतरावरून रोज पाहता येते, आणि त्यासाठी मोठी टाकी किंवा जिवंत प्रवाळ लागत नाहीत. म्हणूनच खाऱ्या पाण्याची पहिली टाकी करणाऱ्याने या जोडीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने छत्रपती संभाजीनगर, लातूर, परभणी किंवा नांदेड येथे हा छंद करताना पाणी आणि उन्हाळा या दोन गोष्टींची तजवीज आधी करावी लागते. मासा सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. टाकीची उभारणी सप्टेंबरमध्ये सुरू करणे उत्तम, कारण त्या वेळी पाण्याची ओढ नसते, दिवाळीच्या सुमारास टाकी जीव सोडण्याजोगी होते आणि पहिला मे महिना येईपर्यंत तुमचा हात बसलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये नव्याने टाकी सुरू करू नये.

पहिली पायरी: पाणी

आपल्याकडील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे आहे हे दर वेळी कळत नाही आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. यांपैकी कोणतेही पाणी थेट वापरू नये. आरओचे पाणी घ्यावे आणि टीडीएस मीटरवर (हे विरघळलेले क्षार मोजते) ते १० च्या आत दाखवते याची खात्री करावी. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रातून येणारे पाणी अनेकदा ५० ते १५० दाखवते, कारण चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी किंवा क्षार परत मिसळलेले असतात. अशा वेळी तंत्रज्ञाकडून मेम्ब्रेनच्या (क्षार गाळणाऱ्या पडद्याच्या) लगेच पुढे वेगळी नळी काढून घ्यावी आणि शक्य असल्यास तिला डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे, कार्ट्रिज जोडावे.

येथे एका गोष्टीवर विशेष भर देतो. हल्लीच्या काही घरगुती यंत्रांत आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबे सोडण्याची सोय असते, आणि आपल्या घरांत पाणी तांब्याच्या घागरीत किंवा हंड्यात साठवण्याची पद्धतही जुनी आहे. माणसाला चालणारे तांब्याचे प्रमाण कोळंबीला घातक ठरू शकते. टाकीसाठीचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही साठवू नये. त्यासाठी झाकणाचे, खाद्यपदार्थांच्या दर्जाचे प्लास्टिकचे ड्रम वेगळे ठेवावेत आणि घरातील सर्वांना त्याची कल्पना द्यावी.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात राहून हे पाणी मोरीत सोडून देणे योग्य नाही. फरशी पुसणे, गाडी धुणे, शौचालय यांसाठी ते पूर्णपणे वापरता येते. कुंड्यांना मात्र ते सतत घालू नये, कारण त्यातील क्षार मातीत साचतात.

या शुद्ध पाण्यात समुद्री मत्स्यालयासाठी तयार मिळणारे मीठ मिसळायचे. साधे मीठ किंवा खडे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात असणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार त्यात योग्य प्रमाणात नसतात. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम असते. पाकिटावरील सूचना पाहावी. आधी पाणी घ्यावे, मग त्यात मीठ थोडे थोडे टाकावे, आणि छोटा पंप लावून ते २४ तास फिरते ठेवावे. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजावा. घनता १.०२४ ते १.०२६ यांच्या दरम्यान असावी. रिफ्रॅक्टोमीटर अधूनमधून ३५ क्षारतेच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा, कारण त्याचा काटा थोडा सरकला की पुढची सारी मोजणी चुकते.

दुसरी पायरी: टाकी आणि तिचा तळ

३० इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी टाकी या जोडीला पुरेशी आहे. तिची क्षमता सुमारे ११० लिटर होते, आणि वाळू व दगड धरल्यावर प्रत्यक्षात ८० ते ८५ लिटर पाणी मावते. हे मासे तळाशी राहत असल्यामुळे उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे आहे. सर्व मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जाते. त्यामुळे स्टँड लोखंडी व सपाट असावा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घालावी. जागा निवडताना वरच्या मजल्यावरील, थेट स्लॅबखाली तापणारी खोली टाळावी. तळमजल्यावरील उत्तरेकडची खोली चांगली, आणि जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतींची खोली उपलब्ध असेल तर तिच्यासारखी जागा नाही.

टाकीत वाळूच्या आधी दगड ठेवायचे असतात. कोळंबी कुठेही खणत जाते आणि वाळूवर टेकवलेल्या दगडाखालची वाळू काढून घेते. मग दगड कलंडतो, आणि त्याखाली गोबी किंवा कोळंबी चिरडली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक मोठा दगड थेट टाकीच्या तळावर, हवी तर पातळ प्लास्टिकची जाळी घालून, डळमळणार नाही असा बसवावा आणि हाताने हलवून पाहावा. त्यानंतरच भोवती वाळू भरावी.

दगडांच्या बाबतीत कायदा माहीत असणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. त्यामुळे जिवंत प्रवाळ, प्रवाळाचे सुकलेले तुकडे किंवा समुद्रातून उचललेले प्रवाळयुक्त खडक विकत घेणे हा गुन्हा ठरतो, दुकानदार काहीही सांगो. मत्स्यालयासाठी बनवलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड त्यांचे काम उत्तम करतात. शेतातील किंवा नदीकाठचा काळा दगड उचलून आणू नये. त्यात काय अडकले आहे हे सांगता येत नाही, आणि खतांचे व कीटकनाशकांचे अंश असण्याची शक्यता असते.

वाळू एकाच जाडीची नको. निव्वळ बारीक वाळूत बिळाचे छत टिकत नाही. निव्वळ जाड खड्यांत कोळंबीला खणता येत नाही. मत्स्यालयाची बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू साधारण तीन भाग आणि तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या किंवा कालवांच्या कवचांचे धुऊन, उकळून, ठेचलेले तुकडे एक भाग, असे मिश्रण करावे. तुकडे वाटाण्यापासून अंगठ्याच्या नखापर्यंत वेगवेगळ्या आकाराचे असू द्यावेत, कारण कोळंबी मोठे तुकडे निवडून दाराभोवती आणि छतात बसवते, आणि लहान तुकड्यांनी फटी बुजवते. हे काम काचेजवळ चालू असेल तर भिंग न घेताही स्पष्ट दिसते: एक तुकडा दोन पंजांत धरून ती आणते, ठेवते, नीट बसला नाही तर काढते, फिरवते आणि पुन्हा ठेवते. थर ६ ते ८ सेंटिमीटर असावा. वरील टाकीसाठी २५ ते ३० किलो साहित्य लागते. गोदावरीची वाळू स्वस्त मिळाली तरी वापरू नये. ती बेसाल्टची आणि टोकदार असते, शिवाय तिच्यासोबत गाळही येतो.

टाकीला घट्ट झाकण हवेच. घाबरलेला गोबी उडी मारतो, आणि पहिल्या काही दिवसांत तर हमखास मारतो. मात्र उन्हाळ्यात हवा खेळली पाहिजे म्हणून काचेऐवजी बारीक जाळीची चौकट करावी. वायर आणि नळ्यांसाठी ठेवलेल्या खाचाही बुजवाव्यात, कारण बोटभर फट त्याला पुरते.

तिसरी पायरी: टाकी पक्व होऊ देणे

पाणी, वाळू, दगड, फिल्टर आणि प्रवाहासाठी एक छोटा पंप बसवला की टाकी तयार दिसते, पण तिच्यात जीवाणूंची वस्ती झालेली नसते. मासे आणि उरलेले खाद्य यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे तुलनेने सौम्य असे नायट्रेट करतात. ही साखळी उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीत मिळणारे जीवाणू टाकून आणि अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड किंवा कोळंबीचा सोललेला छोटा तुकडा वापरून सुरुवात करावी. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले, ते सलग आठवडाभर शून्य राहिले आणि नायट्रेट दिसू लागले की काम झाले. मग एक मोठा पाणीबदल करून नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणावे. पीएच ८.१ ते ८.४ असावा.

या काळात लोक अधीर होतात आणि दुकानदारही «एक मासा टाकून पाहा» असे सुचवतात. कृपया टाकू नका.

चौथी पायरी: उन्हाळा आणि वीज

या जोडीला २४ ते २६ अंश तापमान मानवते. २८ च्या वर ते सतत राहू नये. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० ते ४३ अंशांवर जातो, आणि पाणी जितके गरम होते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) परवडत असेल तर उत्तम, पण तो नसला तरी मराठवाड्याची कोरडी हवा आपल्या बाजूने असते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारे दोन छोटे संगणकाचे पंखे बसवावेत. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी खोलीपेक्षा बरेच थंड राहते. त्याच खोलीत कूलर लावायचा असेल तर खिडकी उघडी ठेवावी, नाही तर हवा दमट होऊन पंख्यांचा परिणाम घटतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत हे पंखे फारसे काम करत नाहीत, तेव्हा दिव्यांचे तास कमी करावेत. अडचणीच्या दुपारी बर्फ केलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवता येते, परंतु तापमान तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नये.

बाष्पीभवनाची दुसरी बाजू समजून घेतली पाहिजे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पंखे चालू असताना वर सांगितलेल्या टाकीतून रोज दोन लिटरपर्यंत पाणी कमी होऊ शकते. तीन दिवस ते भरले नाही तर ८५ लिटरचे ७९ लिटर होतात आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३८ वर जाते. ही भरपाई नेहमी बिनमिठाच्या आरओ पाण्याने करायची असते, खाऱ्या पाण्याने नव्हे. काचेवर पातळीची खूण करावी आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तेथपर्यंत पाणी भरावे.

हिवाळ्यात परभणीसारख्या ठिकाणी रात्रीचे तापमान काही वेळा १० अंशांच्या खाली जाते, म्हणून १०० वॅटचा हीटरही लागतो.

वीज गेल्यावर पहिला प्रश्न प्राणवायूचा असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रवाहाचा पंप तेवढा त्यावर घ्यावा, हीटर आणि दिवे घेऊ नयेत; १५-२० वॅटचा पंप चांगल्या बॅटरीवर रात्रभर सहज चालतो. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा.

पाचवी पायरी: निवड आणि प्रवास

नवोदितांसाठी पिवळा वॉचमन गोबी सर्वांत योग्य आहे. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस. तो पश्चिम प्रशांत महासागरातील आहे, ८ ते १० सेंटिमीटर वाढतो, धीट आहे आणि पटकन खाऊ लागतो. याच जातीचे राखाडी, पट्टेदार मासेही असतात, त्यांना कमी समजू नये. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा याशा गोबी देखणा आहे, परंतु तो बुजरा आणि महाग असतो. तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा. जोड म्हणून पिस्टल श्रिंप या नावाने मिळणाऱ्या कोळंब्यांपैकी टायगर पिस्टल, म्हणजे अल्फियस बेल्युलस, वॉचमनबरोबर चांगली नांदते. सर्वच पिस्टल कोळंब्या गोबीशी जोडी जमवत नाहीत, म्हणून जात विचारल्याशिवाय घेऊ नये. एका टाकीत एकच गोबी आणि एकच कोळंबी ठेवावी. जमलेली नर-मादी जोडी नसेल तर एकाच जातीचे दोन गोबी एकमेकांना जखमी करतात.

दुकानात मासा खाताना दाखवण्याचा आग्रह धरावा. डोळे स्वच्छ, पोट आत न गेलेले, श्वास संथ आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके नाहीत, हे पाहावे. मुंबई किंवा पुण्याहून आणताना रात्रीचा प्रवास निवडावा. देवगिरी एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येते. पिशव्या प्राणवायू भरून, गोबी आणि कोळंबी वेगवेगळी, थर्माकोलच्या डब्यात बंद करून घ्याव्यात.

सहावी पायरी: घरी आल्यावर

कोळंबी आधी मोठ्या, म्हणजे मुख्य, टाकीत सोडावी. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यावी, मग तिच्यातील पाणी आणि कोळंबी एका भांड्यात घेऊन सलाइनच्या बारीक नळीने टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब सोडावे, कारण खारटपणातील झटका कोळंबीला सहन होत नाही. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. ज्या दगडापाशी बीळ हवे आहे, त्याखाली बोटाने छोटी खाच करावी किंवा पीव्हीसी पाइपचा पाऊण इंची तुकडा अर्धा पुरून ठेवावा, आणि दिवे बंद करून कोळंबीला एका नळीतून थेट त्या तोंडाशी उतरवावे. जागा पुढच्या काचेजवळची निवडली तर काचेला लागून बोगदा होण्याची, आणि आतील व्यवहार दिसण्याची, शक्यता वाढते.

गोबीला मात्र आधी चार आठवडे वेगळे ठेवावे. २०-२५ लिटरचा झाकणाचा टब, मोठ्या टाकीत आधीपासून मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाइपचे दोन तुकडे एवढे पुरते. समुद्री माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरिऑन, या काळात लक्षात येतो आणि त्यावरील तांब्याचे औषध याच टबात देता येते. मोठ्या टाकीत ते औषध टाकले तर कोळंबी मरेल. हाच रोग मोठ्या टाकीत आला, तर सर्व मासे टबात काढून टाकी सुमारे अकरा आठवडे माशांविना ठेवावी लागते. कोळंबी तेथेच राहू शकते.

गोबी टाकीत आल्यावर दोघे एकमेकांना शोधतात. कधी तासाभरात भेट होते, कधी दोन-तीन आठवडे लागतात. मध्ये हात घालून त्यांना जवळ आणण्याचा प्रयत्न करू नये, दगड उचलून पाहू नयेत.

खाद्य, शेजारी आणि रोजची निगा

गोबी बिळापासून दूर जात नाही, म्हणून खाद्य त्याच्याकडे पोहोचवावे लागते. गोठवलेले मायसिस, आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बाजारात बर्फातून येणारी समुद्री कोळंबी सोलून, धुऊन, अगदी बारीक चिरून, दिवसातून दोन वेळा थोडे थोडे द्यावे. लांब पिपेटने ते बिळाच्या तोंडापासून चार बोटे अंतरावर सोडावे आणि त्या वेळी पंप बंद ठेवावा. सांडलेले तुकडे कोळंबी उचलून आत नेते. आठवड्यातून दोनदा तिच्यासाठी बुडणाऱ्या गोळीचा एक तुकडा दाराशी ठेवावा.

क्लाउनफिश किंवा कार्डिनल यांची एखादी शांत जोडी सोबत चालते. हॉकफिश, ट्रिगर, लायनफिश, ईल आणि मोठे रास मासे नकोत, ते कोळंबी खातात. लहान गोगलगाई आणि खेकडे बिळाजवळ आले तर कोळंबीच त्यांना मारू शकते.

रात्री टाकीतून «टक्» असा मोठा आवाज आला तर काच तडकली असे समजून घाबरू नये. कोळंबी पंजा इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटण्याचा हा आवाज असतो. हे २००० मध्ये अतिवेगवान चित्रणातून सिद्ध झाले. कोळंबीचे रिकामे कवच बाहेर पडलेले दिसले तर बहुधा तिने कात टाकलेली असते. दोन-चार दिवस ती दिसणार नाही, तोवर धीर धरावा. तिचा आवाज करणारा मोठा पंजा तुटला, तर पुढील काती टाकताना दुसऱ्या बाजूचा लहान पंजा मोठा होऊन त्याची जागा घेतो.

दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलावे. वाळू खालपर्यंत उपसू नये, केवळ वरचा गाळ ओढून घ्यावा. त्या खोलीत डासांचा फवारा, झुरळांचे औषध किंवा कीटकनाशक उदबत्ती वापरू नये, कारण एअर पंप ती हवा थेट पाण्यात ढकलतो आणि ही औषधे कीटकांइतकीच कोळंबीलाही मारतात. घरात वाळवीची फवारणी ठरली असेल तर त्या दिवशी टाकी ओल्या चादरीने झाकून एअर पंप बंद ठेवावा आणि प्रवाहाच्या पंपावर काम भागवावे.

लग्नकार्यासाठी किंवा सणाला चार दिवस गावी जायचे असेल तर गोबी उपाशी मरत नाही, पण उन्हाळ्यात पाण्याची भरपाई चुकता कामा नये. शेजाऱ्यांना चावी देताना आरओ पाण्याची भरलेली कॅन काचेवरील खुणेसह दाखवावी, खाद्याच्या दिवसागणिक वेगळ्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, आणि खाद्याचा मूळ डबा कुलपात ठेवावा.